अकरा ग्रॅमचा स्टोव्ह

सूनबाईच्या कमरेचा मणका सरकला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांचं खोकं उचलताना. डॉक्टरांनी दीड महिना फळीवर निजवलं आणि उठवताना बजावलं, "यापुढे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही."

ती म्हणाली, "हाताने ना? पाठीवर किती चालेल?"

डॉक्टर म्हणाले, "पाठ काय शेजारणीची आहे? पाठीवरही पाचच."

हे वाक्य आमच्या घरात इतकं गाजलं की कोणी जड पिशवी उचलली की आमची ही स्वयंपाकघरातून ओरडायची, "पाठ शेजारणीची आहे का?" पण सूनबाई त्या दिवशी हसली नव्हती. कारण मला ठाऊक होतं. बावीस वर्षं ती त्या प्रयोगशाळेत कामाला आहे. मुलींचे प्रयोग सुरू होण्याआधी टेबलांवरचे स्पिरिटचे दिवे भरायचे, वाती कातरायच्या, दिवे लावायचे, तास संपला की एकेक टोपण घालून विझवायचे. बावीस वर्षांत तिने स्वतःसाठी मागितली ती एकच गोष्ट, रविवार. रविवारी ती डोंगरात चालायला जायची. पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल, आणि संध्याकाळी घरी आली की चेहरा असा, की कोणीतरी आतून दिवा लावलाय. आता पाच किलोंत कसला आलाय डोंगर?

मी काही शिकलेला माणूस नाही. आमच्या गावच्या शाळेला एकच खोली होती. चार इयत्ता चार भिंतींकडे तोंड करून बसायच्या आणि मास्तर मधोमध भोवऱ्यासारखे फिरायचे. त्यामुळे चौथी पास होईपर्यंत मी पहिली चार वेळा ऐकली होती आणि चौथीही चार वेळा. बाहेर पडलो तो सरळ लाकडाच्या वखारीत, काट्यावर. एकतीस वर्षं वजनं केली. आमचा काटा असा मोठा, की त्यावर माणूस चढला तरी तो ढिम्म. सांगायचा मुद्दा, वजन या विषयात मला कोणी शिकवू नये असं मला वाटायचं. ते सूनबाईने शिकवलं.

कसं, ते सांगतो. बरी झाल्यावर तिने आपली डोंगरात न्यायची पिशवी पलंगावर उपडी केली आणि एकेक वस्तू प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूवर तोलून आणली. वहीत लिहीत गेली. टॉवेल एवढा, म्हणून अर्धा कापला. दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने निम्मा केला. कपड्यांच्या मागच्या चिठ्ठ्या उसवल्या. पिशवीचे लोंबते पट्टे छाटले.

माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "उद्या भुवयासुद्धा काढून ठेवशील."

ती मान वर न करता म्हणाली, "तुमचं घोरणं घरी राहतंय ना, त्यातच निम्मं ओझं उतरलं."

सगळं जमत आलं, पण एका गोष्टीपाशी गाडी अडली. स्टोव्ह. चार दिवस डोंगरात राहायचं तर रोज गरम काहीतरी पोटात पडायला हवं. ती ज्या डोंगर चढणाऱ्या मंडळाबरोबर जायची, त्या मंडळाकडे होता तो पितळी, पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह. त्याचं वजन, रॉकेलचा डबा, पिना, काकडा, सगळं मिळून सहा किलोंच्या घरात. एकटा स्टोव्हच तिच्या पाठीला भारी.

एका संध्याकाळी ती कॉलेजच्या उपाहारगृहातून थंड पेयांचे रिकामे डबे घेऊन आली. ते पातळ, हाताने चेपतात ते. आमची ही म्हणाली, "अगं बाई, भंगाराचा धंदा काढलास?" सूनबाईने माझा जाडजूड शब्दकोश कपाटातून काढला. पुतण्याने दिलेला, मी कधी उघडला नव्हता. त्याच्या पानांत तिने दाढीचं पातं असं दाबलं की फक्त कोपरा बाहेर राहावा. मग डबा त्याला टेकवून हळूहळू फिरवत राहिली. फिरवता फिरवता डब्याचं बूड दोन बोटं उंचीवर अलगद सुटून हातात आलं, भाकरी उलटावी तसं. त्या शब्दकोशाचा आमच्या घराला झालेला हा पहिला उपयोग.

दोन डब्यांची दोन बुडं. एक दुसऱ्यात दाबून बसवायचं, मध्ये त्याच पत्र्याची एक गोल पट्टी उभी करायची, आणि वरच्या कडेला टाचणीने बारीक भोकं पाडायची. सांगायला सोपं आहे. पहिले सात स्टोव्ह गळले. आठवा एका बाजूनेच पेटायचा, तोंड वाकडं करून बसल्यासारखा. अकराव्याला भोकं मोठी झाली आणि तो भडकला. बारावा बरा होता, त्यावर मी बसलो. फसलेल्यांत आमची ही टाचण्या आणि बटणं ठेवू लागली.

तेरावा पेटला. दुपारची वेळ, आम्ही चौघं ओट्याभोवती. तिने मधल्या खळग्यात दोन मोठे चमचे स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. आधी नुसतीच मधे एक आळशी ज्योत डुलत राहिली. मिनिटभर काहीच नाही.

आमची ही म्हणाली, "चालू आहे का रुसलाय?"

आणि तेवढ्यात पत्रा तापला, आतल्या स्पिरिटची वाफ झाली, आणि कडेच्या चोवीस भोकांतून चोवीस निळ्या ज्योती एकदम उभ्या राहिल्या. पंप नाही, आवाज नाही, काजळी नाही. सायकलच्या तारा वाकवून तिने त्याला तिवई केली होती, तिच्यावर भांडं ठेवलं. साडेसहा मिनिटांत चार कप पाणी खळखळलं नाही तर काय! नक्की सांगायचं तर दोन कप. पण चहा आम्ही चौघांनी घेतला, अर्धा अर्धा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून तिचा फोन आला. "बाबा, अकरा."

"काय अकरा? किलो?"

"ग्रॅम, बाबा. अकरा ग्रॅम."

आमच्या वखारीच्या काट्याला अकरा ग्रॅम म्हणजे एक उसासा.

आता मंडळाची गोष्ट. दरवर्षी मंडळ चार दिवसांची मोठी चाल काढतं, उंच खिंड ओलांडून पलीकडे. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि प्रत्येक गटाने आपला स्वयंपाक आपण करायचा. सूनबाई नऊ वर्षं मंडळात होती, नेहमी कोणाच्या तरी गटात, शेवटून दुसरी. या वर्षी तिने अर्ज भरला, तो गटप्रमुखाच्या जागेसाठी. अर्ज तिने आधी मला दाखवला. म्हणाली, "बाबा, शुद्धलेखन बघता?" तिची पदवी आहे आणि माझी चौथी. तिला शुद्धलेखन नको होतं. कोणीतरी आधी वाचायला हवं होतं.

गट कसला होता म्हणता? गुडघे गेलेली शिंपीणबाई, निवृत्त नर्सबाई जिचा एक खांदा वर जात नाही, धाप लागणारी शाळेतली बाई, आणि बेकरीवाली, जिची तब्येत ठणठणीत होती पण तिला एकटीला कोणी गटात घेत नव्हतं, कारण बोलायची थांबत नाही. पाचवी आमची. मंडळातली तरुण मंडळी या गटाला 'दुरुस्ती विभाग' म्हणायची. समोरही.

मंडळाचे सचिव म्हणजे निवृत्त मोजणी अधिकारी. उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेलं. जेवायला बसले तरी "जरा माझ्या पूर्वेला पाणी ठेवा" म्हणायचे. सगळे त्यांना होकायंत्र म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. त्यांनी अर्ज वाचला आणि सूनबाईला सांगितलं, "बाई, मला तुमच्या पाठीची अडचण नाही. त्या खेळण्याची आहे. खिंडीत चार दिवस पाच माणसं त्याच्या भरवशावर? नियम सगळ्यांना सारखा. रविवारी टेकडीच्या माथ्यावर, उघड्यावर, एक लिटर पाणी, वीस मिनिटं. उकळलं तर तुमचा गट यादीत. नाही तर नाही. चार दिवसांचं इंधनही दाखवायचं, भरलेलं. यादी त्याच दिवशी सहाला बंद."

त्या आठवड्यात सूनबाई तयारीला लागली. वारा अडवायला तिने पत्र्याची घडीची भिंत केली, भांड्याभोवती उभी राहील अशी. रोज गच्चीवर जाऊन पाणी उकळून बघायची. लिटरला बारा मिनिटं, कधी तेरा.

आणि इथे मी येतो. न आलो असतो तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी तिने पिशवी भरून दाराशी ठेवली. त्यात अर्ध्या लिटरच्या तीन सारख्या बाटल्या, पाण्याच्याच, कारण त्याच सगळ्यात हलक्या. दोन पाण्याने भरलेल्या, एक स्पिरिटने. स्पिरिट दिसायला पाण्यासारखंच, म्हणून तिने त्या बाटलीच्या गळ्याला दोऱ्याचे सात वेढे देऊन गाठी मारल्या होत्या. अंधारात हात लावला तरी कळावं. हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की उद्या आमच्या सूनबाईची परीक्षा, चार लोक बघणार, आणि बाटलीला कळकट दोरा गुंडाळलाय. मी तिन्ही बाटल्या बाहेर काढल्या, दोरा कापला, ओल्या फडक्याने तिन्ही लखलखीत पुसल्या आणि परत होत्या तशा ठेवल्या. ओळीने. आमच्या हिला सांगितलंसुद्धा, "बघ, घरात एक माणूस तरी टापटिपीचा आहे."

रविवारी आम्ही सगळेच टेकडीवर गेलो. माथ्यावर वीस-पंचवीस माणसं. दोन गटांचे पितळी स्टोव्ह भुरभुर आवाज करत पेटले, नऊ-दहा मिनिटांत पाणी उकळलं, होकायंत्रांनी टिकमार्क केला. मग म्हणाले, "दुरुस्ती... तुमचा गट, बाई." आणि घड्याळाचं बटण दाबलं.

सूनबाई गुडघ्यांवर बसली. पत्र्याची भिंत उभी केली. शिंपीणबाईने पिशवीतून दोन बाटल्या काढून भांड्यात ओतल्या. तिला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं, डोळे पाणावलेले. सूनबाईने तिसरी बाटली उघडली. पण ओतली नाही. तिची एक सवय आहे, प्रयोगशाळेतली. कुठलीही बाटली उघडली की एक थेंब तळहाताच्या मागे घ्यायचा आणि फुंकायचा. स्पिरिट असलं की कातडी गार पडते. तिने थेंब घेतला, फुंकला. परत फुंकला. आणि तिथेच थबकली.

"अगं, वेळ चाललाय!" बेकरीवाली म्हणाली.

"हे पाणी आहे," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. मग भांड्यावर वाकली, बोट बुडवलं, फुंकलं. "मावशी, भांड्यापासून लांब व्हा. कोणी काडी ओढू नका. निम्मं स्पिरिट आहे यात."

नर्सबाईने हातातली काडेपेटी दूर भिरकावली. मी बाटल्यांकडे बघितलं. तीन लखलखीत बाटल्या, एकीच्याही गळ्याला काही नाही. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, त्या दोऱ्याचं काम काय होतं त्याचा.

कोणीतरी मागून म्हणालं, "विभागच दुरुस्तीला आलाय." हसलेही दोघं-चौघं.

मी पुढे झालो. "सचिवसाहेब, दोरा मी कापला. बाटलीला खूण होती ती मी साफ केली. पोरीची चूक नाही."

माझा मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, टापटीप..."

मला वाटलं, सूनबाई आता माझ्याकडे बघेल. ती नजर झेलायची मी तयारी केली. पण तिने भांड्यातलं ते मिश्रण शांतपणे नरसाळं लावून दोन बाटल्यांत परत भरलं, दोन्हीला आपल्या रुमालाच्या चिंध्या बांधल्या, टोपणं घट्ट केली. म्हणाली, "फरशी पुसायला होईल." मग म्हणाली, "बाबा, कापलात ते कापलात. पण टोपणं घट्ट लावली होतीत, एक थेंब सांडला नव्हता." हे ऐकून मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला नुसतं खाली बसावंसं वाटलं.

घड्याळात वीस मिनिटं झाली. होकायंत्रांनी ते थांबवलं. मग सूनबाईजवळ येऊन म्हणाले, "बाई, ही काही तुमची चूक नाही. आणि तुम्ही ती काडी लावायच्या आधी पकडलीत, हे मी बघितलंय. गच्चीवर तेरा मिनिटांत उकळतं म्हणता ना? मी तेरा लिहितो. माझा विश्वास आहे."

बाकीच्या चौघी एकदम म्हणाल्या, "लिहा, लिहा!"

सूनबाई म्हणाली, "नका लिहू."

"का?"

"पाणी उकळलेलं नाही, साहेब. न उकळलेलं उकळलं असं नका लिहू. खिंडीत वारा मला काही सोडून देणार नाही."

शिंपीणबाई चिडली. "अगं वेडे, देव देतोय तर घे ना! आमचा तरी विचार कर."

"मावशी, तुमचाच करतेय," ती म्हणाली. "चार दिवस तुम्ही माझ्या स्टोव्हवर जगणार. तो चालतो का नाही, हे तुम्ही अजून बघितलेलंच नाही." मग होकायंत्रांकडे वळली. "यादी सहाला बंद ना? आता वाजलेत किती?"

"दोन वाजून दहा."

"मग आहे की वेळ. स्पिरिट तेवढं आणावं लागेल."

माझा मुलगा उठला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवला. "मी कापलाय, मी आणणार."

सूनबाई म्हणाली, "बाबा, उतार आहे, तुमचे गुडघे..."

मी म्हटलं, "गुडघे काय शेजाऱ्याचे आहेत?" आणि निघालो.

रविवार, दुकानं बंद. रंगवाल्याचं दुकान टेकडीच्या पायथ्याला, फर्निचरला पॉलिश करणारे त्याच्याकडून स्पिरिट नेतात. शटर खाली. रंगवाला वरच राहतो. मी खालून एवढ्या हाका मारल्या की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या, त्याची सोडून. शेवटी तो आला, डोळे चोळत, बनियनवर.

"काय आजोबा, आग लागलीय का?"

"लागायला हवीय. म्हणून तर आलोय. स्पिरिट दे."

अर्धवट झोपेत त्याने मागच्या फळीवरची बाटली काढून दिली. मी टोपण उघडलं आणि एक थेंब तळहाताच्या मागे घेऊन फुंकला. तो माझ्याकडे बघतच राहिला. हात काही गार पडेना, नुसता चिकट वास. "अरे, हे टर्पेंटाइन दिसतंय," मी म्हटलं. त्याने बाटलीवरचं लेबल वाचलं, जीभ चावली आणि दुसरी बाटली दिली. ती गार लागली, अशी गार, की अंगावर काटा आला. शहात्तराव्या वर्षी एक नवी विद्या शिकलो. चार इयत्तांच्या भिंती बघत बसलो होतो तेव्हाही असा आनंद झाला नव्हता. सगळी हकीकत ऐकून रंगवाल्याने स्कूटर काढली आणि जिथवर रस्ता आहे तिथवर मला सोडलं. पुढची चढण मी केली. कशी केली ते विचारू नका. माथ्यावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी बाटली पुढे केली. तिच्या गळ्याला माझ्या बुटाची नाडी सात वेढे देऊन बांधली होती.

सूनबाईने नाडी बघितली. टोपण काढलं, थेंब घेतला, फुंकला.

मी धापा टाकत म्हणालो, "मी बघितलंय..."

"मीही बघते," ती म्हणाली.

आता वारा वाढला होता. मघाचे निम्मे लोक गेले असतील असं मला वाटलं होतं, पण कोणी हललं नव्हतं. उलट दुरुस्ती म्हणून हसणारे दोघं पुढे सरकून बसले होते. होकायंत्रांनी बटण दाबलं. शिंपीणबाईने विसळलेल्या भांड्यात उरलेली बाटली आणि दुसऱ्या गटाकडून मागून घेतलेलं पाणी ओतलं, या खेपेला आधी नर्सबाईला वास घ्यायला लावून. सूनबाईने स्पिरिट ओतलं, काडी ओढली, हात मागे घेतला, पत्र्याची भिंत भांड्याभोवती आवळली. आणि बसून राहिली, मांडीवर हात ठेवून, जसं काही तिच्या वर्गाचा तास चालू आहे.

स्वच्छ ऊन होतं. आत काही दिसत नव्हतं. ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. पाच मिनिटं. सात मिनिटं. लोक एकमेकांकडे बघू लागले. होकायंत्र वाकले, भिंतीच्या फटीतून डोकावले. "विझलाय, बाई," ते दुःखाने म्हणाले, "मी उघडून..." आणि त्यांनी स्टोव्ह उचलायला हात आत घातला.

"हात मागे!"

बावीस वर्षांत त्या प्रयोगशाळेने जो आवाज ऐकला नसेल तो आवाज होता. सचिवसाहेबांचा हात विजेचा धक्का बसल्यासारखा मागे आला. सूनबाई स्वतःच दचकली. मग शांतपणे म्हणाली, "साहेब, उन्हात याची ज्योत दिसत नाही. बघा." खिशातून कागदाची पुडी काढली, चिमूटभर मीठ फटीतून आत टाकलं. आणि भांड्याखाली पिवळ्याजर्द ज्योतींचं एक कडं उजळलं, चोवीसच्या चोवीस, आणि क्षणभराने पुन्हा दिसेनासं झालं.

"आई गं," कोणीतरी म्हणालं.

"म्हणून आमचा नियम असा," सूनबाई बोलत राहिली, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "विझलाय असं वाटलं तरी विझलेला नाही असं धरायचं. डोळ्यावर विश्वास नाही. वर पेला उपडा घालायचा, शंभर मोजायचे, मगच हात लावायचा. आणि पेटत्या स्टोव्हमध्ये कधी, कधी म्हणजे कधीही, स्पिरिट ओतायचं नाही."

होकायंत्र आपल्या हाताकडे बघत होते. बेकरीवाली, जी बोलायची थांबत नाही, ती पहिल्यांदा गप्प होती.

बाराव्या मिनिटाला भांड्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे सुटले. तेराव्याला वाऱ्याचा एक झोत असा आला की पत्र्याची भिंत आडवी व्हायला निघाली. सूनबाईने काही केलं नाही, नुसती सरकून वाऱ्याच्या बाजूला बसली. मग शिंपीणबाई तिच्या शेजारी येऊन बसली, दुखरे गुडघे दुमडून. मग नर्सबाई, मग शाळेतली बाई, मग बेकरीवाली. पाच पाठी वाऱ्याकडे. झाकण थडथडायला लागलं. पंधराव्या मिनिटाला ते एका बाजूने उचललं गेलं आणि वाफेचा लोट बाहेर आला.

होकायंत्र वाकून बघत म्हणाले, "खळखळतंय." परत म्हणाले, "चांगलं खळखळतंय, हो." आणि घड्याळ बंद केलं. "पंधरा मिनिटं, वीस सेकंद."

मंडळाच्या यादीत त्यांनी मांडीवर कागद ठेवून नाव लिहिलं. मी मागून वाकून बघितलं. माझं वाचन हळू आहे, बोट ठेवल्याशिवाय होत नाही, पण त्यांनी मला बोट ठेवू दिलं. गटप्रमुख. पुढे आमच्या सूनबाईचं पूर्ण नाव, माहेरचं नव्हे, सासरचं नव्हे, तिचं, सही करते तसं. मी एकतीस वर्षं वजनं केली. त्या एका ओळीचं वजन कुठल्या काट्यावर मावलं नसतं.

तिने त्याच पाण्याचा चहा केला. पाच जणींना मिळाला, होकायंत्रांना मिळाला, मला अर्धा. मग सगळ्यांची आवराआवर सुरू झाली. ऊन उतरलं होतं, सचिवसाहेबांनी पिशवी खांद्याला लावली आणि सवयीने म्हणाले, "चला, दक्षिणेकडून उतरू."

सूनबाई उठली नव्हती. स्टोव्हवर पेला उपडा घालून ती त्याच्यासमोर बसली होती.

"थांबा," ती म्हणाली. "शंभर व्हायचेत."

होकायंत्रांनी पिशवी परत खाली ठेवली. हसणारे ते दोघं उठले होते, तेही बसले. पंचवीस माणसं त्या अकरा ग्रॅमच्या डब्याभोवती गप्प बसून राहिली. तिने शंभर मोजले, पेला काढला, तळहाताची मागची बाजू पत्र्याला टेकवून पाहिली. मग स्टोव्ह फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला, पिशवी पाठीला लावली आणि म्हणाली, "चला आता."

तेव्हा आम्ही सगळे उठलो.